नाकतोड्याला पेलवेल असा माणूस

पोंते सालिचे गावात दोरिनो झानासीला खऱ्या नावानं हाक मारणारी दोनच माणसं होऊन गेली. एक त्याची आई, आणि दुसरी नदीकाठची खानावळवाली आर्जिया. बाकी गावासाठी तो चिलट होता. पानारो नदीच्या त्या सपाट, दमट मुलखात चिलटांना काही तोटा नव्हता, तरी ‘चिलट’ म्हटलं की लोकांना हाच आठवायचा. यावरून त्याची अंगकाठी काय ते ओळखा.

तो गावचा न्हावी. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं तरी दोरिनोचा हात त्याच्या टाळूला नीट पोचत नसे, म्हणून खुर्चीमागे द्राक्षांचा एक रिकामा खोका कायम पालथा घातलेला असायचा. गावातल्या पुरुषांना तेवढं निमित्त पुरे.

“चिलटा, खोक्यावर चढलास का रे? कात्रीचा आवाज बेंबीपाशी येतोय!”

हा विनोद गावानं वर्षानुवर्षं चालवला आणि दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसून घेतला. दोरिनोही हसायचा. हातात वस्तरा असलेल्या माणसाला हसून सोडून देणं सोपं जातं.

आता कोणी म्हणेल, उपाशी राहत असेल बिचारा. छे! त्या मुलखात माणसं आधी जेवतात आणि उरलेल्या वेळात बाकीचं आयुष्य उरकतात. दोरिनो रोज संध्याकाळी आर्जियाच्या खानावळीत, स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या एकाच टेबलाशी बसून ताट चाटूनपुसून साफ करायचा. तरी अंगाला काही लागत नसे. आर्जियाचा नवरा रशियाच्या लढाईवरून परतला नव्हता, आणि बाई तेव्हापासून कोणाला फारशी जवळ करत नव्हती. पण दोरिनोला वाढताना तिचा डाव जरा जास्तच खोल जायचा. हे दोरिनोला माहीत होतं, आर्जियाला माहीत होतं, खानावळीच्या कुत्र्यालाही माहीत होतं. नुसतं बोलायचं तेवढं राहिलं होतं. दोरिनो रोज ठरवून यायचा आणि रोज “रस्सा छान झालाय, आर्जियाबाई,” एवढंच बोलून जायचा.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना नेरेओ मालागोलीच्या डोक्यात किडा शिरला.

नेरेओचं मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज होतं. युद्धात तो विमानांची इंजिनं खोलायचा, आणि तेव्हापासून त्याला जमिनीवरच्या कुठल्याच वाहनाबद्दल आदर उरला नव्हता. त्याचं म्हणणं साधं होतं: माणसानं मोटरसायकलवर बसावं तसं बसावं आणि पुढं जाण्याऐवजी सरळ वर जावं. धावपट्टी नको, पंख नकोत, दुसरा माणूसही नको. तीन हिवाळे खपून त्यानं एक हेलिकॉप्टर बनवलं. बारीक नळ्यांचा सांगाडा, मोटरसायकलचं इंजिन, डोक्यावर एकाखाली एक उलटसुलट फिरणारी दोन पाती, आणि बसायला सायकलचं सीट. त्याला नाव दिलं ‘आकाशराणी’.

पहिल्या चाचणीला आकाशराणी किंचाळली, थरथरली, शेजारच्या कोंबड्यांनी अंडी द्यायचं बंद केलं, पण पायाखाली कागद सरकेल इतकीही ती उठली नाही. कारण वर नेरेओ बसला होता, आणि नेरेओ म्हणजे पिठाचं पोतं. तो उतरला, यंत्र चार खुंट्यांना दोरांनी बांधलं आणि रिकामंच सुरू केलं, तर ते टुणकन हातभर उडालं, धपकन पडलं, पुन्हा टुणकन उडालं. कुंपणापलीकडून कोणीतरी ओरडलं, “अरे, हा तर नाकतोडा!” झालं. राणीचं राज्य तिथंच संपलं.

“एक तर तू बारीक हो, नाहीतर यंत्र मोठं कर,” औषधांच्या दुकानवाल्या गुस्मानोनं सल्ला दिला.

“योलांदाच्या हातचं खाऊन कोण बारीक झालंय?” नेरेओ म्हणाला. योलांदा म्हणजे त्याची बायको. तिनं हे कौतुक समजून मान डोलावली.

मग नेरेओनं गावातल्या हलक्या माणसाचा शोध सुरू केला. चीझच्या कारखान्यात चीझची चाकं तोलायचा मोठा काटा होता, त्यावर रविवारी प्रार्थना संपली की बाप्यांची रांग लागायची. जो तो आपलं वजन बघायचा आणि काटा बिघडलाय म्हणून उतरायचा. शेवटी दोरिनो चढला. काटा जरासा हलला आणि थांबला. नेरेओनं दोनदा वाकून पाहिलं.

“चिलटा, उपाशी आलायस का?”

“जेवून आलोय. दोन वेळा वाढून घेतलं.”

नेरेओनं त्याला उचललं आणि भर कारखान्यात त्याच्या कपाळाचा मुका घेतला.

दोरिनो ‘हो’ का म्हणाला, ते त्यानं कोणाला सांगितलं नाही. लोक समजले, भोळा आहे, फशी पडला. खरी गोष्ट वेगळी होती. जन्मभर त्यानं गावाकडे मान वर करून पाहिलं होतं. खोक्यावरून दिसायची ती एका वेळी एकच टाळू. सगळं गाव एकदम खाली, आणि आपण वर, खोक्याशिवाय: एवढं एकदा बघायचं होतं त्याला. एकदाच.

तालीम सुरू झाली. वस्तऱ्याचा हात असल्यामुळे दोरिनोला दांडा हळुवार धरणं लगेच जमलं. दोरांनी बांधलेला नाकतोडा त्याला घेऊन गुडघाभर, मग कमरेइतका उठू लागला. पण त्यापुढं घोडं पेंड खाऊ लागलं. नेरेओनं दांड्यांना भोकं पाडून वजन घटवलं, बोल्टांची डोकी कानशीनं घासली, पेट्रोलच्या टाकीवरचा रंगसुद्धा खरवडला. आणि मग त्याची नजर दोरिनोच्या पोटाकडे वळली.

“आजपासून अर्धं जेवायचं. ऑगस्टातल्या सान बार्तोलोच्या सणापर्यंत. बोलोन्याच्या विमान क्लबातला एक बडा माणूस यायचाय बघायला. त्याला पसंत पडलं तर इथं कारखाना निघेल, कारखाना!”

त्या संध्याकाळी आर्जियाच्या खानावळीत दोरिनोनं पहिल्यांदा ताटात टाकलं. आर्जिया एप्रनला हात पुसत बाहेर आली आणि त्या अर्ध्या ताटाकडे बघतच राहिली.

“मीठ जास्त झालं?”

“नाही हो, आर्जियाबाई.”

“मांस वातड?”

“नाही, नाही. लोण्यासारखं लागतंय.”

“मग काय माझ्या हाताला कुष्ठ झालंय?”

दोरिनोनं यंत्राचं, वजनाचं, बोलोन्याच्या माणसाचं सगळं सांगितलं. आर्जियानं शांतपणे ऐकून घेतलं. बाई शांत झाली की गाव सावध व्हायचं.

“वर जाऊन काय दिसणार आहे तुला? जे खाली आहे तेच ना?”

“वरून वेगळं दिसत असेल,” दोरिनो पुटपुटला.

“एक नवरा बंदूक घेऊन गेला आणि तिकडेच राहिला. दुसऱ्या कोणाला मी पंख्याला बांधून वर पाठवणार नाही.” बोलता बोलता ‘दुसऱ्या’ हा शब्द तोंडातून गेल्याचं तिच्या लक्षात आलं आणि ती आणखीच भडकली. “ऐक दोरिनो. सणाच्या दिवशी माझ्या टेबलाशी बसलास, तर नीट जेवायचं. नाही जेवलास, तर पुढं या दारात पाऊल टाकू नकोस. जा मग ढगात खानावळ शोध!”

आता दोरिनोची अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी झाली. जेवावं तर नाकतोडा उठणार नाही. न जेवावं तर आर्जिया गेली. तो झोपेतसुद्धा काट्यावर उभा राहू लागला.

नेरेओनं त्यातून वाट काढली होती. उड्डाण सकाळीच करायचं. ऑगस्टमध्ये सकाळची हवा गार आणि जड असते, पाती तिला नीट धरतात. आधी उडायचं, मग खुशाल दोघांचं जेवायचं. दोरिनोच्या जिवात जीव आला. पण नेरेओ हुशार असला तरी त्याच गावचा होता, आणि एक गोष्ट त्यालाही सुचली नाही. बोलोन्याचा पाहुणा सकाळी गाडीतून उतरला, आणि पाहुण्याला उपाशीपोटी काहीही दाखवायचं, मग ते विमान असो की मयत, हे पोंते सालिचेत पाप होतं. नेरेओनंच पाहुण्याच्या कोपराला धरलं आणि तोच म्हणाला, “आधी दोन घास खाऊन घ्या, साहेब.” बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली. पण तोवर बायकांनी चौकात लांब टेबलं मांडली होती.

दोन घास म्हणजे काय हे त्या मुलखातल्या माणसाला सांगायला नको. ऊन डोक्यावर तापलेलं, आणि समोर उकळत्या रश्शात पोहणाऱ्या तोर्तेल्लिनी: बोटाच्या पेराएवढ्या, मांस भरून मुरड घातलेल्या कणकेच्या पुड्या. तेही कोंबड्याच्या रश्शात, ऐन ऑगस्टात. थंडीची वाट बघत बसणारे लोक निराळे. पाहुणा घामाघूम होऊन जेवत होता. शेजारी वैमानिक म्हणून दोरिनो बसला होता, हात मांडीवर, समोर रिकामी जागा.

आर्जिया आली. तिनं त्याच्यापुढं वाडगा ठेवला, काठोकाठ भरलेला. टेबलावरचे चमचे थांबले. पलीकडून नेरेओ डोळ्यांनी, भुवयांनी, शेवटी काट्या-चमच्यांनी ‘नको, नको’ करत होता. त्याचं स्वतःचं तोंड भरलेलं असल्यामुळे त्याला ओरडता येईना.

दोरिनोनं वर आकाशाकडे पाहिलं. मग वाडग्यात पाहिलं. मग आर्जियाकडे पाहिलं. तिची हनुवटी ताठ होती, पण वाडग्याच्या काठावरचा हात तिनं अजून काढला नव्हता.

त्यानं चमचा उचलला. एक, मग दुसरी, असं करत वाडगा संपवला. आर्जियानं न विचारता पुन्हा भरला, तोही संपवला. तळाशी थोडा रस्सा राहिला. मग दोरिनोनं समोरची लाल वाइन त्या रश्शात ओतली आणि वाडगा दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावला.

टेबलावर कोणीतरी “अरे देवा!” म्हणालं. रश्शात वाइन ओतून वाडग्यानं पिणं हे काम घरात, चुलीपाशी, आपल्या माणसांत करायचं. पाहुण्यासमोर तर नाहीच, परक्या बाईच्या टेबलाशी तर मुळीच नाही. म्हणजे दोरिनोनं तिथं भर चौकात सांगून टाकलं की हे माझं घर आहे. आर्जिया लाल झाली, आणि काही कामाचं निमित्त नसताना आत पळाली.

नेरेओनं घास गिळला आणि डोकं धरलं.

उड्डाणाला अख्खं गाव चौकामागच्या शेताच्या कडेला उभं राहिलं. दोर सोडले. इंजिन कोकललं, पाती फिरली, नाकतोड्यानं पाय ताणले आणि तो जागच्या जागी नुसताच थरथरला.

“वाटीभर रश्शानं घात केला!” नेरेओ ओरडला.

“दोन वाट्या,” गुस्मानोनं दुरुस्ती केली.

मग काढाकाढ सुरू झाली. सीटवरचं कातडं काढलं. हत्यारांची पिशवी काढली. दोरिनोचे बूट, कोट, पट्टा आणि शेवटी पँट. गावचा पहिला वैमानिक लांब चड्डी आणि बनियनवर सायकलच्या सीटवर बसला, आणि हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आर्जिया सगळ्यांत मागे हाताची घडी घालून उभी होती. ती हसत नव्हती.

शेवटी नेरेओनं टाकीतलं पेट्रोल काढून टाकलं, तळाशी घोटभर ठेवलं. “वर जा, बघ, खाली ये. तिथं विचार करत बसू नकोस!”

आणि नाकतोडा उठला. गुडघाभर, कमरेइतका, माणसाच्या डोक्यावरून, पहिल्या मजल्याच्या खिडक्यांपर्यंत. पात्यांच्या वाऱ्यानं टेबलांवरची कापडं उडाली. गुस्मानोनं टकलावर डाव्या कानापासून उजव्या कानापर्यंत वर्षानुवर्षं चिकटवलेली बट निशाणासारखी उभी राहिली. दोरिनोनं दर पंधरवड्याला निगुतीनं जपलेलं गुपित गावाला दिसलं.

दोरिनोनं मोठ्या हौसेनं खाली पाहिलं. आणि त्याचा अगदी मामा झाला. टाळू कुठं दिसेचनात! सगळं गाव तोंड वर करून त्यालाच बघत होतं. त्याला दिसली ती नुसती आ वासलेली तोंडं आणि दातांच्या फटी. अख्ख्या गावात डोकं एकाच माणसाचं दिसत होतं. आर्जियानं चेहरा दोन्ही हातांत झाकून मान खाली घातली होती. तिच्या भांगाच्या दोन्ही बाजूंना केस पांढरे झाले होते.

समोर बसून रोज जेवणाऱ्या माणसाला ते कधी दिसलं नव्हतं, कारण ती नेहमी उभी असायची आणि हा बसलेला. वरून पाहिल्यावर त्याला एकदम कळलं की आपण फार उशीर केलाय. त्याला वर थांबावंसं वाटेना. त्यानं दांडा हळूच खाली केला.

कमरेइतक्या उंचीवर पेट्रोल संपलं. नाकतोडा धपकन बसला, त्याचा एक पाय वाकला आणि दोरिनो गवतात लोळला. लोकांनी त्याला उचललं. त्यानं सगळ्यांचे हात सोडवले आणि चड्डीवरच आर्जियासमोर जाऊन उभा राहिला.

“काय दिसलं?” तिनं डोळे पुसत विचारलं.

“आर्जियाबाई, तुमचे केस पांढरे झालेत.”

गावानं कपाळावर हात मारला. इतकी वर्षं वाट पाहिली आणि गडी बोलला तर हे!

“तुझीच वाट बघून झालेत, गाढवा!” आर्जिया म्हणाली. “आणि आता ‘बाई’ नि ‘तुम्ही’ पुरे. पँट घाल.”

बोलोन्याच्या पाहुण्यानं यंत्राची मनापासून स्तुती केली. फक्त म्हणाला की हे विकायचं तर आधी असा देश शोधावा लागेल जिथली माणसं या गृहस्थांएवढी आहेत आणि दुपारी जेवत नाहीत. तो तोर्तेल्लिनीचं पातेलं मांडीवर घेऊन परत गेला. कारखाना निघाला नाही. नेरेओनं नाकतोड्याचा पाय सरळ केला आणि त्याला गॅरेजच्या छताला आकड्यांनी टांगून ठेवलं. “तात्पुरता,” तो म्हणाला.

द्राक्षांची तोडणी झाल्यावर दोरिनो-आर्जियाचं लग्न लागलं. एका वेळची खानावळ आणि तिन्ही वेळचं घर यांत फरक असतो. दोरिनोच्या गालांवर मांस आलं, मग हनुवटीखाली आलं, मग पोटावर. दर वर्षी सान बार्तोलोला नेरेओ त्याला चीझच्या काट्यावर उभा करायचा, काट्याकडे बघून सुस्कारा टाकायचा आणि म्हणायचा, “माझं विमान हिच्या रश्शात बुडालं.” गाव खो खो हसायचं. आर्जिया म्हणायची, “मिस्त्री, तुम्हीच बारीक व्हा की!” हाही विनोद गावानं वर्षानुवर्षं चालवला. नेरेओचं गॅरेज मुलानं घेतलं, मोटरसायकली जाऊन मोटारी आल्या, पण नाकतोडा छतालाच राहिला. म्हातारा नेरेओ रोज सकाळी खुर्चीवर चढून त्याची पाती पुसायचा आणि कोणाला हात लावू द्यायचा नाही.

मग एका हिवाळ्यात आर्जिया गेली. छातीत सर्दी भरली आणि आठवडाभरात सगळं आटोपलं.

दोरिनो दुकान उघडायचा, खोक्यावर चढायचा, केस कापायचा. जेवतोस का, असं विचारलं तर “जेवलो” म्हणायचा. वसंत गेला, उन्हाळा आला, आणि त्याचे कपडे खुंटीला अडकवल्यासारखे अंगावर लोंबू लागले. सान बार्तोलोला लोकांनी सवयीनं त्याला काट्यावर उभं केलं. काटा जरासा हलला आणि थांबला. बरोबर तिथंच, जिथं त्या पहिल्या रविवारी थांबला होता. या वेळी कोणी हसलं नाही. नेरेओनं वाकून पाहिलं, चष्मा पुसला आणि घरी गेला.

सण झाल्यावर दोनच दिवसांनी दोरिनो गॅरेजमध्ये आला.

“मिस्त्री, मी परत हलका झालोय.”

“दिसतंय.”

“नाकतोडा काढ. एकदा वर जातो.”

“आता वर काय ठेवलंय तुझं?”

“मागच्या वेळी वर गेलो तेव्हा ती दिसली होती,” दोरिनो म्हणाला. “खाली कुठंच दिसत नाही रे.”

नेरेओनं हातातला पाना खाली ठेवला. मग त्यानं बोट वर केलं. छताला नुसते आकडे होते.

“कुठंय?”

“मोडला. काल भंगारवाल्याला दिला.”

“मोडला? तू?”

“मी. पाती करवतीनं कापली, म्हणजे परत कोणाला जोडता येऊ नयेत. मलासुद्धा.” नेरेओचा आवाज फाटला, आणि तो लपवायला तो मोठ्यानं ओरडला, “योलांदा! आण गं!”

योलांदा आतून वाडगा घेऊन आली. तिनं तो मोटारीच्या सुट्या भागांमध्ये जागा करून कामाच्या टेबलावर ठेवला. वाफ निघत होती. बाहेर ऑगस्टचं ऊन मी म्हणत होतं.

“आता तुला हलकं राहायचं काही कारण उरलेलं नाही,” नेरेओ म्हणाला. “बस. खा.”

दोरिनो रिकाम्या आकड्यांकडे बघत राहिला. मग बसला. पहिला चमचा त्याच्या घशाखाली लवकर उतरेना, पण उतरला. दुसरा उतरला. वाडगा तळाला आला तेव्हा नेरेओनं बाटली उघडून उरलेल्या रश्शात वाइन ओतली, आणि दोरिनोनं दोन्ही हातांनी वाडगा उचलून तोंडाला लावला.

“मीठ कमी आहे,” तो म्हणाला. “आर्जिया जास्त घालायची.”

योलांदाच्या रश्शाला आजवर नाव ठेवून कोणी सुखानं घरी गेलं नव्हतं. आज तिनं नुसता वाडगा उचलला आणि पुन्हा भरून आणायला आत गेली.